सहा हजारांशाची फट

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नेमबाजीच्या परीक्षेत, व्हर्ना लिंडक्विस्टच्या रिव्हॉल्वरचे चक्र फिरायचे थांबले. साठपैकी छत्तीस गोळ्या झाडून झाल्या होत्या. परीक्षकाने तिला नापास केले. तुरुंगातली पहारेकरीण म्हणून नोकरी टिकवायला आता शुक्रवारची एकच संधी उरली.

मित्रांनो, या नापास होण्यात माझाही वाटा आहे. मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. इंचाचे हजार भाग केले, तर त्यातले सहा एवढी माझी जाडी. माझ्यासारख्या, पण वेगवेगळ्या जाडीच्या बारा बहिणी एका जुडग्यात आहेत. फटी मोजणे हे आमचे काम. वायोमिंगमधल्या या दुकानात ऑरिन हॅस्केट बंदुका दुरुस्त करतो. एकोणीस वर्षे मी त्याच्या हाताखाली आहे. तो मला तेलाने पुसतो. माझ्या एका बहिणीला मात्र त्याने कॉफीचा डबा उघडायला वापरले. ती वाकली, आणि तेव्हापासून तिला कोणी विचारत नाही.

रिव्हॉल्वरमध्ये गोळ्यांचे चक्र फिरते आणि पुढे नळी असते. दोघांमध्ये एक बारीक फट लागते. सोमवारी व्हर्नाने तिचे रिव्हॉल्वर तपासायला आणले, तेव्हा ऑरिनने मला त्या फटीत सरकवले. मी अलगद आत गेले. "सहा. गुणाची आहे ही!" तो म्हणाला. मी सुखावले.

बुधवारी व्हर्ना परत आली.

"ऑरिन, तुम्हीच म्हणालात ना, सगळं ठीक आहे म्हणून? चष्मा घरी राहिला होता की काय?"

"चष्मा नाकावर होता, पोरी. डोकं घरी होतं."

रिव्हॉल्वर रिकामे असल्याची त्याने दोनदा खात्री केली. मग अंगठ्याने चक्र पुढे दाबून धरले आणि मला लावले. मी आत जाईना. माझी दोन हजारांशाची बहीण तेवढी गेली.

तेव्हा मला कळले. जुने चक्र मागेपुढे हलत होते. सोमवारी आत शिरताना मीच त्याला मागे ढकलले, माझ्यापुरती जागा करून घेतली आणि तीच खरी म्हणून सांगितली.

"मग ती फट बुजवूनच टाका की," व्हर्ना म्हणाली. "बाबा म्हणायचे, चांगल्या रिव्हॉल्वरच्या बाजूने धूरसुद्धा निघत नाही."

"तुझे बाबा स्वतः पकडलेल्या माशाची लांबीही वाढवून सांगायचे. चौकटीत ठोकून बसवलेलं दार उघडतं का कधी? गोळ्या झाडल्या की काजळी साचते, लोखंड तापून फुगतं. जागा नसली की चक्र नळीला घासतं आणि अडकतं."

"मग मोठी ठेवा."

त्याने भिंतीवरचा वर्तमानपत्राचा कागद दाखवला. एका सैल रिव्हॉल्वरच्या फटीशेजारी धरलेला तो कागद एकाच बारात फाटला होता. "इथून आग निघते. गोळीचा जोरही कमी होतो. कागदाच्या जागी बोट असतं तर?"

व्हर्नाने बोटे खिशात घातली.

ऑरिनने चक्राच्या आत एक पातळ चकती बसवली. हलणे थांबले. चक्र पुढे दाबूनही मी आत गेले. या वेळी जागा माझी नव्हती, फटीची होती.

मित्रांनो, आम्हाला गंजू देऊ नका, वाकवू नका. आणि आमचे उत्तर ऐकण्याआधी आम्हाला कसे धरले आहे, तेही बघा.

आज शुक्रवार. दुकानामागच्या टेकडीपलीकडे परीक्षा चालू आहे. ऑरिन मला हातात घेऊन दारात उभा आहे आणि ओठांतल्या ओठांत मोजतो आहे. अकरा वाजून चार मिनिटांपर्यंत छत्तीस आवाज ऐकू आले, मंगळवारइतकेच.

सदतिसावा अजून आलेला नाही.