शहादेवचा पहारा

सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नाही, हा तेलगावजवळच्या त्या गावाचा नेम. एकाच्या गळ्यातून निघाली की लगेच दुसऱ्याच्या गळ्यात. शहादेवचा पहारा दुपारी दोन ते चार, आणि तो तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पण दोन वर्षांपासून त्याला घडीघडी लघवीला जावं लागे, तेही थेंबथेंब. सांगायची लाज. मग गड्यानं स्वतःच औषध शोधून काढलं: पहाऱ्याच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटच घ्यायचा नाही. भर उन्हाळ्यात! अक्कल गहाण ठेवणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

तिसऱ्या दिवशी तेही औषध चाललं नाही. अडीचलाच त्याचे पाय चुळबुळायला लागले. पुढचा पहारेकरी उत्तरेश्वर, त्याचा लहानपणचा दोस्त, चारशिवाय येणार नव्हता. मंडपात नुसत्या बाया, आणि त्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी पडली नव्हती. आता सगळ्यांदेखत धोतर भिजणार!

तेवढ्यात त्याची बायको केसरबाई उठली. तिनं पदर खोचला, नवऱ्याच्या पाया पडली आणि वीणा सरळ आपल्या गळ्यात घेतली.

"जावा तुमी," ती हळूच म्हणाली. "चार वाजेपर्यंत मी हाय हितं."

गावात कुजबुज झाली. केसरबाईनं ती कानाआड केली आणि सप्ताह संपताच नवऱ्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. 'वयानं व्हायचंच' हे त्याचं पालुपद एसटीत बसेपर्यंत चालू होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं, पीएसए नावाची रक्ततपासणी केली. आकडा जास्त आला, म्हणून पुढे बारीक तुकडा काढून तपासला. मूत्राशयाखाली पुरुषांना प्रोस्टेट नावाची छोटी ग्रंथी असते, तिच्यात कॅन्सर निघाला.

बाईंनी समजावलं, की लघवीचा त्रास ग्रंथी वयानं वाढल्यामुळे होता. कॅन्सर सुरुवातीला बहुधा गप्पच असतो, आणि बोलायला लागतो तेव्हा कधीकधी हाडांपर्यंत पोचलेला असतो. तुमचा अजून ग्रंथीतच आहे, बरा होण्यासारखा आहे. ते ऐकून केसरबाई तिथंच रडली, पण सुखानं.

ऑपरेशन नीट झालं. गावात मात्र शहादेवनं मुतखडा म्हणून सांगितलं. कॅन्सर म्हटलं की लोक सरणाची लाकडं गोळा करायला लागतात, आणि त्यात हा असल्या जागेचा!

पुढच्या वर्षी पारावर पहाऱ्यांची यादी चालली होती. उत्तरेश्वर म्हणाला, यंदा मला अर्धाच तास द्या, गुडघे दुखतात. चहा आला तर त्यानं तोही नको म्हटलं. शहादेवनं आपलंच जुनं औषध ओळखलं. गप्प राहिलं तर अब्रू राहत होती, पण दोस्त राहील याचा भरवसा नव्हता.

"मला मुतखडा न्हवताच," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "प्रोस्टेटचा कॅन्सर होता. लवकर सापडला म्हणून हितं बसलोय. उत्तरेश्वर, तुजे गुडघे ठणठणीत हायत बे. तू पाणी पितोस का?"

उत्तरेश्वर तडक उठून गेला. दोस्ती तुटली, असं शहादेव धरून चालला.

सकाळी दार उघडलं तर तो समोर उभा, धुतलेलं धोतर, हातात पिशवी.

"तूबी चल," तो म्हणाला. "डॉक्टरबाईला सांगायची लाज वाटती."

त्याच्या मागे गावातले आणखी तिघे पिशव्या घेऊन, एकमेकांकडे न बघता उभे होते.