पडद्याकडे पाठ

मूकपटांना साथ करायला मुंबईहून येणारा पियानोवाला अलिबागलाच अडकला, तेव्हा मुरुडच्या वाचनालयाचे अध्यक्ष यशोधन यांना एकदम आठवलं की वाद्यं गावातही असतात. "कुमुदताई, पेटी घेऊन या. हलकंफुलकं काहीतरी वाजवा. लोकांना काय कळतंय म्हणा."

कुमुद बावीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत होती. एकदा तरी आपल्या मनानं वाजवावं, एवढीच तिची इच्छा. म्हणून तर ती अर्ध्या तासात हजर झाली. मागोमाग तिचे थोरले दीर, मंडळाचे हरीबुवाही आले, न बोलावता. "खुणा कोण करणार हिला?" म्हणाले, आणि भजनातल्यासारखे पेटीसमोर मांडी घालून बसले. म्हणजे पडद्याकडे पाठ करून. सिनेमा न बघता सिनेमाचं संगीत चालवायचं, हे धाडस काही मुंबईच्या माणसाला जमलं नसतं.

मंडळाची रीत अशी की बुवांची बोटं फिरली की लय वाढवायची, तळवा वर झाला की गप्प. खिडक्यांवर सतरंज्या टाकून भर दुपारी अंधार केला होता. पडद्यावर एक लुकडा रंगारी शिडी खांद्यावर घेऊन पोलिसापुढे धावत सुटला. बुवांनी डोळे मिटून संथ अभंगाची खूण केली. कुमुदनं संथ वाजवलं. पोलीस त्याला पकडायला नव्हे, सांत्वनाला निघाल्यासारखा दिसू लागला.

मागून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं?"

तिचे कान तापले. तेवढ्यात रंगारी वळला, शिडीनं पोलिसाची टोपी उडवली, आणि कुमुदची बोटं कुणाला न विचारता पळाली. हॉल हसला. आपल्यामुळेच, असं वाटून बुवा खूश झाले आणि त्यांनी तळवा वर केला.

पण रंगारी आता चुन्याच्या पिंपावर, शिडीच्या टोकाला लोंबकळत होता. कुमुद थांबली नाही.

"हात दिसत नाही का?" बुवा पुटपुटले.

"दिसतोय, भाऊजी. पण तो अजून पडला नाहीये."

"कोण?"

"मागे बघा."

बुवा वळले. रंगारी पिंपात गेला, त्याच्यावर पोलीस. कुमुदनं सूर तिथंच तोडला. त्या शांततेत पहिलं हसू फुटलं ते बुवांचं, खोकल्यासकट. पुढची वीस मिनिटं त्यांचे हात मांडीवरच होते. एकदाच, मान न वळवता म्हणाले, "थांबू नको गं, शिडी परत उचलतोय तो."

शेवटी यशोधन यांनी 'अचूक मार्गदर्शनाबद्दल' हरीबुवांना शाल घातली. बुवांनी ती घेतलीही. कुमुदची हरकत नव्हती. मे महिन्यात मुरुडला शाल ज्याला हवी त्यानं घ्यावी.