काही न विचारणारं बटण

पाणीपुरवठा कार्यालयाचा मेलसर्व्हर ज्याच्या गळ्यात पडला होता, त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणत. पत्र आलं तर कुणी त्याची आठवण काढत नसे. नाही आलं की मात्र सगळं खापर त्याच्याच माथी. त्यात स्पॅम गाळायला त्याने बसवलेलं सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून बघावं, वापरावं असं. झालं! "फुकटचं ते, असंच वागणार," असं शिपायापासून साहेबांपर्यंत जो तो ऐकवायचा.

त्या दिवशी सव्वाचारला मुख्यालयातून फोन आला. "तुमच्या ताईंना बदली नको आहे का? पत्र पाठवून आठवडा झाला. पाचपर्यंत होकार आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल."

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. ताई त्याची सख्खी थोरली बहीण, खालच्या मजल्यावर तक्रार खिडकीत बसणारी. आई गावी एकटी, गुडघ्यांनी बेजार. तिच्याजवळ राहता यावं म्हणून ताई दोन वर्षं या बदलीच्या मागे लागली होती. तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला.

"मला काही पत्रबित्र आलेलं नाही," ताई म्हणाली. "तुझ्या त्या फुकट्याने खाल्लं असेल!"

त्याने तिचा स्पॅमचा कप्पा उघडला. पत्र तिथेच होतं, आणि त्याच्या वर-खाली मुख्यालयाची झाडून सगळी परिपत्रकं.

"ताई, ही इथे कुणी टाकली?"

"मीच. मेली रोज चार-चार येतात. डिलीट करायला गेलं की 'नक्की का?' विचारत बसतं. लग्न ठरवतानाही मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. हे 'स्पॅम'चं बटण बिचारं काही विचारत नाही."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ते बटण केराची टोपली नाही! ते ज्याच्या त्याच्या बोटाकडे बघून शिकतं. तू वर्षभर त्याला पढवलंस की मुख्यालयाचं म्हणजे सगळं स्पॅम. ते बापडं ऐकतं! किती वेळा सांगितलं, लिफ्टमध्ये नोटीस लावली! वाचायचा कंटाळा तुम्हाला, आणि बोल सॉफ्टवेअरला! आईजवळ जायची एवढी एक संधी, तीही स्वतःच्या बोटाने कचऱ्यात टाकलीस!"

ताईचे डोळे भरून आले. जरा जास्तच बोललो, हे त्याला कळलं, पण राग काही ओसरेना. तिने होकार टाइप करून पाठवला. पाचला सात मिनिटं कमी असताना मुख्यालयातून फोन आला, मिळाला म्हणून. दोघांच्याही जिवात जीव आला.

"सगळ्यांना शिकवतोस," ताई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "आता तुझा कप्पा उघड बघू."

"माझ्या कप्प्यात काय असणार!" म्हणत त्याने तिथेच, रुबाबात, स्वतःची पेटी उघडली.

स्पॅममध्ये फुलंच फुलं. गुलाब, कमळ, 'शुभ सकाळ'. शेजारणीकडून मेल करायला शिकल्यापासून आई रोज ऐन कामाच्या वेळी हे पाठवायची. पहिल्याच आठवड्यात वैतागून त्याने ते बटण दाबलं होतं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मग फुलं यायची थांबली. आईचा उत्साह संपला असेल, असं तो धरून चालला होता. फोनवर तर ती 'मी मजेत आहे' एवढंच म्हणायची.

फुलांच्या मधे एक पत्र बिनफुलाचं होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं.

'बाळा, जिन्यात दोनदा पडले. ताईला सांगू नकोस, ती जिवाला लावून घेईल. तू एकदा येऊन जा. वाट बघते.'

त्यानंतरही रोज एक फूल होतंच.

"काय रे, काय निघालं?" ताईने विचारलं.

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "वाच," तो म्हणाला, "आणि मला बोल. मघाशी मी तुला बोललो ना, तसंच बोल."