कोरडी चादर

कापड तपासायच्या प्रयोगशाळेत चादरीच्या तुकड्यावर तिने दहा थेंब पाणी सोडलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी तळहात टेकवून पाहिला. कापड कोरडं ठणठणीत.

मग तिने तो तुकडा कॅमेऱ्याखाली सरकवला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश या कॅमेऱ्याला दिसायचा. त्यात गडद निळं कापडही पांढरं दिसे, काळं दिसे ते फक्त पाणी. पडद्यावर तळहाताएवढा काळा डाग होता. वरचा थर सुकला होता. पाणी आतल्या थरात पसरून बसलं होतं.

"मशीन बिघडलं की काय?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं.

"मशीन नाही," ती म्हणाली. "हात बिघडलाय."

तो हसला. ती हसली नाही.

बाबा दोन महिने अंथरुणाला खिळून होते, ते अशाच चादरीवर. रुग्णांसाठीची खास चादर, तिनेच पारखून आणलेली. कापडातलं तिला कळतं, असं घरात सगळेच म्हणत. "ओलं लागतंय गं," बाबा म्हणायचे. दर रविवारी ती यायची, त्यांच्या पाठीखाली हात सरकवायची.

"कोरडी आहे, बाबा. भास होतोय तुम्हाला."

वहिनी धुतलेली चादर घेऊन दारात उभी असायची. "राहू दे, वहिनी. सारखं वळवून त्यांना त्रास नको देऊस," असं ती वर ऐकवायची. शेवटी शेवटी पाठ सोलवटली. बाबांना जाऊन आता पाच महिने झाले होते.

तिने दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. डाग तसाच. जिन्यात जाऊन तिने वहिनीला फोन लावला.

"वन्सं? जेवलात का?"

"वहिनी, ती चादर आतून ओलीच राहायची. बाबा खरं सांगत होते."

पलीकडे वाहता नळ बंद झाला.

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "तुम्ही निघालात की मी बदलायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनीच बोलू दिलं नाही. म्हणाले, पोरीने हौसेने आणलीय. ती घरात असेपर्यंत राहू दे."

ती पायरीवर बसली. रविवारी ती सकाळी यायची, दिवे लागेपर्यंत थांबायची. निघायला उठली की बाबाच तिचा हात धरायचे.

"बस गं अजून घटकाभर."