हवी असलेली ओळख : निरंक

"बाबा, साठ सेकंद संपले. तुम्ही अजून नावावरच आहात."

उमाने मोबाइलवरचा गजर बंद केला. व्यंकटराव स्वयंपाकघराच्या दारात, साक्षीला उभं राहावं तसे ताठ उभे होते.

"नाव, हुद्दा, राहणार कुठले. एवढं तर सांगावंच लागतं की," ते म्हणाले.

"तिथं नाही लागत. एवढंच म्हणा : मी उमा लासूरकरांचा सासरा. सूनबाई घरी येसर करतात. आम्हाला केटरर आणि मंगल कार्यालयवाल्यांशी ओळख हवी आहे. धन्यवाद. बस."

"आणि कुणी उलट विचारलं तर?"

"कुणी काही विचारत नाही. घंटी वाजली की खाली बसायचं."

"आमच्या तहसीलमध्ये घंटी वाजली की उठावं लागायचं," व्यंकटराव म्हणाले. "असो. पुन्हा लाव तुझा गजर."

व्यंकटराव लासूरकर सतरा वर्षांपूर्वी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाकडे स्वतःहून काही मागितलं नव्हतं, बदलीसुद्धा. आता पंचाहत्तराव्या वर्षी, उद्या सकाळी सातला, जालना रोडवरच्या एका हॉटेलात चाळीस व्यापाऱ्यांसमोर उभं राहून त्यांना ओळखी मागायच्या होत्या. उमाला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. नवरा सुयश सोयगावला बँकेत होता, तो शनिवारी यायचा.

व्यावसायिकांचा हा गट दर गुरुवारी भरायचा. एका धंद्याचा एकच माणूस, हा त्यांचा नियम. येसर म्हणजे आमटीला लावायचं भाजून दळलेलं मसालेदार पीठ, म्हणून मसाल्यांची खुर्ची अकरा महिन्यांपूर्वी उमाला मिळाली होती. सहा महिन्यांत तीन गैरहजेऱ्या चालत, चौथीला खुर्ची दुसऱ्याला जाई. मात्र आपला प्रतिनिधी पाठवता येई. उमाच्या तीन झाल्या होत्या. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. कंपनीची बस सूतगिरणी चौकातून सात चाळीसला सुटायची. दर गुरुवारी ती बस सोडून, बैठक आटोपून स्कूटीवर साडेनऊला कामावर जायची. या गुरुवारी बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. "उद्या उशीर झाला तर मला विचारू नका," असं साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं. ते ओरडले असते तर उमाला बरं वाटलं असतं.

आणि नेमक्या याच गुरुवारी इंद्रजीत बोडखे बोलणार होता. इंद्रजीत म्हणजे गटातला केटरर. लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी चांगली झाली नाही तर पाहुणे पनीर विसरतात आणि आमटीच लक्षात ठेवतात, असं त्याचं म्हणणं. मागच्या बैठकीत त्याने उमाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, सीझनभर महिन्याला चाळीस किलो लागंल. गुरुवारी समद्यांसमोर जाहीर करतो. तयारीत ऱ्हा."

चाळीस किलो. उमा महिन्याला बारा किलो करायची. गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी, धणे, मिरची, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. एका खेपेला अर्धा किलो निघायचं आणि भाजायलाच सव्वा तास जायचा. आच वाढवली तर वेळ वाचतो, पण येसर वाया जातं. म्हणून ती चारला उठायची. रविवार आख्खा कढईसमोर जायचा. पंधरा दिवसांपूर्वी धणे भाजता भाजता तिचा उभ्या उभ्या डोळा लागला होता. धणे किंचित काळे झाले. टाकून द्यायला पाहिजे होते, पण दुसरे भाजायला वेळ नव्हता. तिने ते तसेच दळले. दोन घरांतून निरोप आला, "यावेळी जरा कडवट लागलं." त्यातलं उरलेलं येसर घरी होतं. व्यंकटरावांनी चार दिवस त्याची आमटी भुरकून खाल्ली आणि चकार शब्द काढला नाही. उमाला ते निरोपांपेक्षा जास्त लागलं.

तरी तिला चाळीस किलो हवं होतं. स्टोअरमध्ये अठरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या मालावर दुसऱ्यांच्या नावाची लेबलं लावली होती.

गुरुवारी सहा वाजता तिने रिक्षा बोलावून सासऱ्यांना बसवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"दोन कशाला?"

"एक बंद पडलं तर?" व्यंकटराव म्हणाले आणि रिक्षावाल्याला त्यांनी हॉटेलचा पूर्ण पत्ता वाचून दाखवला.

कारखान्यात मोबाइल दारावरच्या कपाटात ठेवावा लागे. साडेबाराला जेवायच्या सुट्टीत उमाने तो उघडला तेव्हा गटावर त्रेसष्ट संदेश होते.

पहिल्या फोटोत व्यंकटराव माईक धरून उभे होते. दुसऱ्या फोटोत पडद्यावर दाखवलेला आठवड्याचा तक्ता होता. प्रत्येक सभासदाने एक चिठ्ठी भरायची आणि ती या तक्त्यात चढायची, अशी पद्धत होती. चिठ्ठीचं सांगायला उमा विसरली होती. तिच्या नावासमोर लिहिलं होतं :

व्यवसाय : मसाले. उपस्थित : सासरे. या आठवड्यात हवी असलेली ओळख : निरंक.

खाली विमा एजंटने विचारलं होतं, "हे निरंक कोण? फर्स्ट नेम काय?" टाइल्सवाल्याने लिहिलं होतं, "वाळूजला एक निरंक इंडस्ट्रीज आहे वाटतं. विचारून सांगतो." त्यावर एकाने, "माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे आहेत. ताईंचं काम झालं समजा." शेवटी तनुजा वकिलांनी खुलासा केला होता, "अहो, सरकारी कागदात निरंक म्हणजे काही नाही." त्यानंतर हसण्याची बत्तीस चिन्हं होती.

तेवढ्यात फोन वाजला. गटाच्या अध्यक्ष राजनंदिनी.

"उमाताई, तुम्ही काकांना ब्रीफ केलं नव्हतं का? सॉरी, पण आपण इथं काहीतरी मागायला येतो ना! निरंक काय?"

"मी सांगितलं होतं... ते बोलले नाहीत का?"

"बोलले ना. साठ सेकंद येसर कसं भाजतात ते सांगितलं. गहू आधी, मग डाळ. ज्वारीपर्यंत आले आणि बेल झाली. लगेच बसले. वाक्यसुद्धा पूर्ण नाही केलं हो! आणि इंद्रजीतभाऊ तुमचं अनाउन्स करायला उठले होते, तक्ता बघून परत बसले. म्हणाले, ताईला नको दिसतंय."

उमाने डबा न उघडताच परत ठेवला. दुपारी तपासणीवाल्यांनी तिचं स्टोअर पाहिलं, एकही चूक काढली नाही. ते तिला धड ऐकूसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी सहाला ती गारखेड्यातल्या घरी पोचली. व्यंकटराव पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

"झालं व्यवस्थित," ते म्हणाले. "नाश्ता चांगला होता. एक मिनिट आधी हजर होतो."

"बाबा, तुम्ही निरंक का लिहिलं?"

"रकाना रिकामा ठेवायचा नसतो. मागाहून कुणीही काहीही लिहितं."

"पण केटरर लिहायचं होतं! मी काल चार वेळा सांगितलं."

"ते बोलायचं होतं. बोलायला वेळ पुरला नाही, ती माझी चूक. पण कागदावर तसं नव्हतं." व्यंकटरावांनी चष्मा काढला. "कागदावर छापलं होतं, 'या आठवड्यात'. मी दोनदा वाचलं. या आठवड्यात तुला वेळ कुठं आहे? उद्या चारला उठणार, परवा चारला उठणार, रविवारी दिवसभर कढईसमोर. कुणाशी ओळख करून दिली तर त्या माणसाला तू भेटणार कधी? खाली सही होती माझी. खोटी माहिती कशी भरू?"

"ते तहसील नाही, बाबा!" उमाचा आवाज चढला. या घरात येऊन वीस वर्षं झाली, पण सासऱ्यांपुढे तो पहिल्यांदाच चढला होता. "तिथं सगळे वाढवूनच सांगतात. टाइल्सवाला दर आठवड्याला सांगतो की आपण दुबईला माल पाठवतो. त्याचं दुकान पाहिलंय तुम्ही? अकरा महिने मी तिथं पहाटे तोंड रंगवून हसतेय, ते आजच्या दिवसासाठी. आणि तुम्ही एका शब्दात..."

व्यंकटरावांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "चुकलं असेल. नियमानं बरोबर असून चुकतं कधी कधी. त्या गृहस्थाला फोन लाव, मी माफी मागतो."

ते खरंच उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावत. फोनवर माफी मागायलासुद्धा त्यांना बटण लागत होतं. उमाला रडू आवरेना, म्हणून ती आत गेली आणि तिने स्वतःच इंद्रजीतला फोन लावला.

"बोला ताई!" मागे भांड्यांचा खणखणाट होता. "काकांनी तर आज खेळच केला. समदे निरंकसाहेबाला हुडकायलेत."

"भाऊ, ते चुकून लिहिलं गेलं. त्यांना माहीत नव्हतं."

"मंग काय, व्हय का नाय? मला काय प्रॉब्लेम नाय. पंधरा तारखेपासून दर शुक्रवारी दहा किलो. पैल्या लग्नाला हजार पान हाय. सांगा, धरू का?"

उमाने तोंड उघडलं. "धरा" म्हणायचं होतं. दहा किलो म्हणजे वीस खेपा. ओट्यावर उद्याची डाळ निवडून ठेवली होती. तिला पहाटेचे चार वाजलेले दिसले, शुक्रवारचे, मग शनिवारचे, मग सोमवारचे. नोकरी सोडली तरच जमेल, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत मांडलं नव्हतं. आणि नोकरी तिला सोडायची नव्हती. आज तपासणीवाल्या बाई जाताना काहीतरी चांगलं बोलल्या होत्या. काय बोलल्या, ते ती आत्ता आठवायचा प्रयत्न करत होती.

"ताई? हाय का लाइनवर?"

"आहे. भाऊ, दहा नाही जमणार."

"आठ?"

"अडीच."

इंद्रजीत खणखणाटापासून बाजूला आला.

"अडीच किलोत काय व्हतंय, ताई? मीठ चाखल्यावानी."

"घरच्या घरी दोन-अडीचशे पानांचा साखरपुडा होतो. तसलं काही असलं की आठ दिवस आधी सांगा. देईन. त्याच्यावर नाही देणार. जास्त घेतलं की धणे जळतात आणि मी तसेच दळते, भाऊ. आजवर एकदाच झालं, पण झालं. तुमच्या हजार पानांत ते व्हायला नको."

तिने हे दुसऱ्या कुणाला आजवर सांगितलं नव्हतं. इंद्रजीत हसला.

"तुमच्या घरात खरं बोलायची साथच लागली का काय? मोठी ऑर्डर मंग मी जालन्याच्या पार्टीला देतो. राग नका मानू."

"नाही मानत."

"साखरपुड्याचं कळवतो. आता समद्याच साखरपुड्यानला तुमचं मिळंल असं नाय."

"नको समद्यांना."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आता वाईट वाटेल. ती वाट बघत ओट्याला टेकून उभी राहिली. वाईट वाटलंही, थोडं, जालन्याच्या त्या न पाहिलेल्या पार्टीबद्दल. पण खांदे, जे कधीपासून कानाशी आले होते, ते खाली उतरले. तिला एकदम सणकून भूक लागली. दुपारचा डबा तिने ओट्यावरच उघडला आणि थंड भाजीपोळी उभ्यानेच संपवली.

व्यंकटराव दारात आले. बटण लावलेलंच होतं.

"देतेस फोन?"

"नको. झालं बोलून."

"काय म्हणाले?"

"तुमचं निरंक अडीचवर आणलं," उमा म्हणाली, आणि दोघंही हसले. व्यंकटराव आधी हसले की उमा, ते सांगता येणार नाही.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर तिने राजनंदिनीला खुर्ची सोडत असल्याचं कळवलं. राजनंदिनीचं उत्तर दोन मिनिटांत आलं, लांबलचक आणि मनापासून, शेवटी हात जोडलेले. मसाल्यांच्या खुर्चीसाठी दोघं जण रांगेत आहेत, हेही त्यात होतं. उमाने ते दोनदा वाचलं. अकरा महिन्यांत मिळालेली माणसं तिने एकेक करून आठवली : तनुजा वकील, दोन शिक्षिका, पोळ्यांची ऑर्डर घेणाऱ्या एक बाई. तेवढ्यांचे नंबर तिने वेगळे जपून ठेवले आणि गटातून बाहेर पडली.

पुढच्या गुरुवारसाठी तिने गजर साडेसहाचा लावला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना व्यंकटराव फाटकाशी येऊन उभे राहिले, हातात पातेलं घेऊन. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची मोटारसायकल वळली. तो नेहमीप्रमाणे बेलकडे हात नेणार, तोच त्यांनी पातेलं पुढे केलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. दूधवाल्याने गाडी बंद केली. दूध ओतताना आवाज होऊ नये म्हणून त्याने माप अगदी पातेल्याच्या तळाशी नेलं.