कोठीतल्या तीन गोण्या

सात फूट रुंदीच्या लोखंडी बोटीत राहणाऱ्या बाईला अडगळ ठेवायला जागा नसते आणि टाकायला मन होत नाही. माझे कपडे पलंगाखाली, बटाटे पायऱ्यांखाली, सरपण आणि सायकल छपरावर. तरी मेलेल्या बहिणीचं शिवणयंत्र दोन वर्षं माझ्या उशाशीच होतं. शेवटी मी आणि शेजारच्या बोटीतला क्लेमेंट हॉबडे, आम्ही दोघांनी मिळून एक जुनी, बिनइंजिनाची होडी घेतली. तिला आम्ही कोठी म्हणायचो. पुढची अर्धी माझी, मागची अर्धी त्याची, वर ताडपत्री. कालव्यावर चौदा दिवसांनी जागा बदलावीच लागते, तेव्हा आळीपाळीनं ती ओढून न्यायची.

नोव्हेंबरात कोठीतल्या माझ्या शेगडीच्या कोळशाच्या आठ गोण्यांपैकी तीन गायब झाल्या. ताडपत्री जशीच्या तशी बांधलेली. त्या गाठी आम्हा दोघांनाच येतात असं मी तेव्हा धरून चालले. पुढच्या बोटीतल्या आयव्हीला सांगितलं तर ती म्हणाली, सरळ विचार की त्याला. मी म्हटलं, चोर कधी हो म्हणतो का? पुरावा पाहिजे.

पुरावा दुसऱ्याच दिवशी दिसला. आमच्या बोटींना पाण्याच्या वर लाल पट्टा रंगवलेला असतो. माणूस खोटं बोलेल, बोट बोलत नाही; आत चार पुस्तकं जास्त आणलीत तरी ती तेवढी खाली बसते. क्लेमेंटचा लाल पट्टा मागच्या बाजूला बोटभर पाण्यात गेला होता. माझ्या तीन गोण्या, दुसरं काय? इंजिनाच्या खोलीत दडवल्या असणार, तिथे कोण बघतंय.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी किटली ठेवली की खिडकीतून पट्टा बघायची. दोन बोटं. अडीच. म्हणजे अजून काहीतरी नेतोय मेला. मी माझ्या भागातल्या बरण्या मोजल्या, रंगाचे डबे मोजले. सगळं जागेवर होतं, पण त्यानं माझं समाधान झालं नाही. वाटलं, आता दुसऱ्या कुणाचं नेत असेल. तो मात्र रोजच्यासारखा हात करायचा, पाव आणू का विचारायचा. एवढा गोड का वागतोय, हाही मला पुरावाच वाटला. मी नको म्हणायची आणि पडदा ओढून घ्यायची. खरं सांगायचं तर मला त्या पट्ट्याची चटकच लागली होती. पट्टा खाली गेला की बरं वाटायचं.

नवव्या दिवशी तो बसनं मुलीकडे गेला. मी वाटच बघत होते. त्याच्या मागच्या डेकवर चढले तर बोट माझ्या वजनानं नको तेवढी झुकली. तेव्हाही मला गोण्याच आठवल्या. मी इंजिनावरची फळी उचलली.

खाली काळं पाणी होतं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून ते आत येत होतं, आणि उपसायचा पंप कधीचा बंद पडला होता. इंजिन अर्धं बुडालं होतं. कोळशाचा एक खडाही नव्हता.

मी ओरडत सुटले. आयव्ही पंप घेऊन धावली, मी बादली. पण इंजिनाला हवा जायची मागची भोकं पाण्याला टेकली आणि मग पाणी धो धो आत शिरलं. दहा मिनिटांत बोट तळाशी बसली. आमचा कालवा जेमतेम छातीभर, त्यामुळे छप्पर तेवढं वर राहिलं. खिडकीतून त्याची गादी तरंगताना दिसत होती.

क्लेमेंट चारला परतला. एकोणीस वर्षं तो त्या बोटीत राहत होता. काठावर बराच वेळ उभा राहिला, मग मी म्हटलं म्हणून माझ्याकडे आला. मी चहा दिला.

"असं एका दिवसात होत नाही," तो म्हणाला. "मी रोज पुढूनच चढतो, मागं जातोच कुठे. तुझी खिडकी तर त्याच बाजूला. कधीपासून खाली जात होती गं, नोरा?"

खोटं सांगता आलं असतं. आयव्हीनंही सांभाळून घेतलं असतं.

"नऊ दिवस," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या तीन गोण्या गेल्या होत्या. मला वाटलं, तुझ्या बोटीत आहेत."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कोळसा," तो म्हणाला. "अगं, मागितला असतास तर माझा दिला असता."

त्यानं कप खाली ठेवला. चहा तसाच होता. पायऱ्या चढून तो आयव्हीकडे गेला आणि त्या रात्री तिच्याच बोटीत जमिनीवर झोपला. माझा पलंग मी त्याच्यासाठी मोकळा ठेवला होता, मी जागीच होते, पण त्यानं दार वाजवलं नाही.