चौदा नंबरचा कोट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काळाभोर कोट घातलेला एक माणूस ढसाढसा रडत होता. "सहा महिन्यांपूर्वी मी हमाल होतो! कर्ज काढलं, साबणांची पेटी घेतली, माणसं जोडली. आज माझा हप्ता आपोआप फिटतो!"

टाळ्यांनी छत उडायचंच बाकी होतं. साबण विकणाऱ्या कंपनीचे 'गुरुसर' गरजले, "कर्ज म्हणजे बी! पेरा, विसरा, फळं खा!" हप्ता विसरणाऱ्याच्या दारात कोण येऊन बसतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या रांगेत शिवणकाम करणारी ताई धाकट्या भावाशेजारी बसली होती. पठ्ठ्याने कर्जाच्या अर्जावर सही ठोकलीसुद्धा होती. जामीनदाराची जागा तेवढी रिकामी होती आणि कंपनीचा माणूस पेन पुढे करून उभा होता.

"कर ना गं सही," भाऊ कुजबुजला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

आई गेल्यापासून त्याला ताईने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. पण तिच्याकडे होतं काय? दोन शिलाई मशीन, बस्स. तरी तिने पेन घेतलं.

तेवढ्यात कोटवाला हात मिळवत रांगेत आला. त्याची बाही नाकासमोर येताच ताई थबकली.

"दादा, कोट कुठला?"

"माझ्या कमाईचा!"

"मग मंगळवारी ही बाही मी कशी शिवली? काळा दोरा संपला म्हणून शेवटचे चार टाके निळे घातले होते." तिने कोटाची कड उलटली. आत कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाची चिठ्ठी होती, नंबर चौदा.

गुरुसर हसले, "कोट कुणाचाही असो, कमाई खरी आहे!"

"मग लिहून द्या, हप्ते कंपनी भरेल म्हणून." ताईने अर्ज वाचला. "यात तुमच्या कंपनीचं नावच नाही. कर्जाचं कारण म्हणे घरदुरुस्ती! आमचं घर तर भाड्याचं आहे."

"धंदा तुमचा, कर्ज तुमचं," कंपनीचा माणूस बोलून गेला. "पेटी खपो न खपो, हप्ता तुम्हीच भरायचा."

"आणि याने थकवला तर मी. दादा, तुमचा हप्ता खरंच कोण भरतं?"

कोटवाला आता खरोखर रडू लागला. "माझ्यामार्फत जे नवे लोक पेटी घेतात त्यांच्या पैशातून मला वाटा मिळतो, त्यातून. गेल्या दोन महिन्यांत कुणी घेतलीच नाही. दोन्ही हप्ते थकलेत."

जादू एवढीच होती. नवी माणसं येत होती तोवर हप्ता 'आपोआप' फिटत होता.

वाचकहो, पैसे कुणाच्या नावावर, कशासाठी, आणि धंदा बुडाला तर फेडायचे कुणी, हे कागदावर स्वतः वाचा. तोंडी वचनावर सही करू नका. जामीन राहणाराही तितकाच अडकतो. ताईने पेन परत दिलं. भावाने अर्ज मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.